सुकाणूं आणि सेवक

अंगीं बळ असलें म्हणजे सेवा घडतेच असें नाहीं. धन्याची इच्छा कोठें संपते हें ओळखून तेथेंच थांबणें, हा सेवाधर्माचा खरा कठीण भाग होय. यंत्रांना हा धर्म कसा शिकविला गेला, याचा इतिहास सुकाणूच्या इतिहासांत फार चांगला दिसतो.

ब्रुनेलची 'ग्रेट ईस्टर्न' ही ६९२ फूट लांबीची आगबोट १८५८ सालीं पाण्यांत उतरली. एवढ्या अवाढव्य जहाजाचें सुकाणूं वळविणें म्हणजे खलाशांची दमछाकच. तेथें वाफेचें बळ जोडावें हें कोणासहि सुचेल. परंतु वाफेला एकदां वाट दिली कीं ती सुकाणूं शेवटच्या टोंकापर्यंत लोटीत नेणार! जॉन मॅक्फर्लेन ग्रे यानें १८६६ सालीं पेटंट घेतलेल्या योजनेंतील मर्म असें कीं, चाक फिरवितांच वाफेची झडप उघडावी, आणि सुकाणूं तितकेंच वळलें कीं त्याच्याच हालचालीनें ती मिटावी. आज्ञा व कृति यांमधील अंतर हेंच यंत्राला चालविणारें; अंतर सरलें कीं यंत्रहि थांबलें. हें यंत्र 'ग्रेट ईस्टर्न'वर बसविण्यांत आलें. हीच बोट पुढें १८७० सालीं मुंबई-एडन अशी समुद्रांतून तार टाकण्यास मुंबईस आली होती. फ्रान्समधील फार्को यानें १८७३ च्या आपल्या ग्रंथांत अशा यंत्रांस 'सर्वोमोटर' म्हटलें. लॅटिन भाषेंत 'सर्वुस्' म्हणजे दास.

मोटारीस असा दास देण्याचा यशस्वी प्रयोग अमेरिकेंत फ्रान्सिस डेव्हिस यानें १९२६ सालीं पिअर्स-अॅरो गाडीवर करून दाखविला. तेथें वाफेऐवजीं तेलाचा दाब होता. तथापि, खर्चाच्या भीतीमुळें ही सोय विक्रीच्या खासगी मोटारींत यावयास १९५१ सालची क्रायस्लर इंपीरियल उजाडावी लागली. तिच्यांतहि एक उणीव होतीच. रस्ता सरळ असला तरी तेलाचा पंप एंजिनाची शक्ति खातच राही.

१९८८ सालीं जपानच्या सुझुकी सर्व्हो गाडींत तेलाची जागा विजेनें घेतली. हातांतील चाक आणि खालचा दांडा यांमध्यें एक बारीक पोलादी कांब असते. चाक फिरवितांना ती किंचित् पिळली जाते, आणि त्या पिळाचें माप तेंच हाताच्या जोराचें माप. तें विजेच्या रूपानें गणकयंत्राकडे जातें. गणक गाडीचा वेगहि पाहतो, आणि विजेच्या मोटरला किती प्रवाह द्यावा हें ठरवितो. गाडी उभी करतांना मदत भरपूर; वेग वाढला कीं ती आवरती, नाहींतर चाक नको तितकें हलकें व्हावयाचें. मोटरनें भार उचलला कीं पीळ उलगडतो, आणि त्याबरोबर मदतहि ओसरते. ग्रेची झडपच जणूं नव्या वेषांत आली! वीज गेली तरी दांडा जोडलेला असतोच. केवळ हाताचे कष्ट वाढतात.

मात्र येथें एक गोष्ट पालटली. वाफेचा वा तेलाचा दास धन्यानें चाक हालविल्यावांचून हालत नसे. विजेचा दास गणकाच्या आज्ञेनेंहि हालूं शकतो. २००३ सालीं जपानांत टोयोटाची प्रिअस गाडी जागा पाहून स्वतःच चाक वळवूं लागली, आणि रस्त्यावरील आपली पट्टी न सोडणाऱ्या गाड्याहि आल्या. अशा अनेक गाड्यांत त्याच पिळाच्या मापकास आणखी एक काम लागलें आहे: धन्याचे हात चाकावर आहेत कीं नाहींत, हें पाहण्याचें. पूर्वीं सेवकावर धन्याची नजर असे. आतां धनी जागा आहे ना, याची चौकशी सेवकास करावी लागते. यांत यंत्राचा दोष नाहीं. तें आपला धर्म चोख पाळीत आहे. आपला धर्म पाळावयाचा उरला आहे तो धन्याचाच.