तुरटी

तुरटी : पोटॅशियम व अ‍ॅल्युमिनियम यांचे जलयुक्त सल्फेट. रंगहीन, अर्धपारदर्शक, चवीला आधी गोडसर, मग आंबट-तुरट. संस्कृत रसग्रंथांत स्फटिका, कांक्षी, सौराष्ट्री; चिनी वैद्यकात बाइफान. दोन्ही परंपरांत ती बाहेरून लावतात. मुंबईतील चेंबूरच्या बाजारात किराणावाल्याकडे सुटी मिळते. पुष्कळदा तिथली तुरटी अमोनियमची असते. नजरेला फरक कळत नाही, पण चिमूटभर पूड ओल्या चुन्यात चोळली की अमोनियाचा उग्र वास सुटतो.

चीनमध्ये ती अ‍ॅल्युनाइट नावाच्या दगडापासून काढतात : दगड भाजायचा, पाण्यात विरघळवायचा, निवळ आटवून स्फटिक धरायचे. चच्यांग प्रांतातील फानशान गाव या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. ‘शन्नोंग बन्साओ’ या प्राचीन चिनी औषधिग्रंथात तिची नोंद आहे. आपल्याकडे कच्छातील माता नो मढ येथे पूर्वी तुरटी निघत असे.

औषधात कच्ची व फुलवलेली तुरटी वेगळी मानतात, आणि हा भेद पाळायलाच हवा. तापलेल्या लोखंडी तव्यावर खडा ९२–९३° से.ला स्वतःच्याच पाण्यात विरघळतो, खदखदतो, मग फुगून पांढरा, ठिसूळ होतो. ही तुरटीची लाही. स्फटिकाच्या वजनात सुमारे ४५ टक्के पाणी असते, ते उडून जाते. चिनी औषधकार भाजताना ढवळू देत नाहीत. आपल्याकडे हिलाच शुभ्रा भस्म म्हणतात. कोरडी झालेली लाही ओल शोषते, म्हणून पाझरणाऱ्या इसबावर आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांतल्या ओलाव्यावर चिनी वैद्य तिची बारीक पूड वापरतात. चेंबूरसारख्या पाणी तुंबणाऱ्या भागात पावसाळाभर चिखल्यांचा त्रास होतो, तिथे हा उपयोग सहज पटतो. मात्र तुरटीने ओल कमी होते; बुरशी असेल तर बुरशीचे औषधच लागते.

कच्ची तुरटी गुळण्यांसाठी आणि वस्तऱ्याच्या कापावर. अ‍ॅल्युमिनियमचे आयन रक्तातील व त्वचेवरील प्रथिने साकळवतात, ऊती आकसतात, बारीक रक्तस्राव थांबतो. सलूनमध्ये एकच खडा सगळ्यांच्या गालांवर फिरवण्याची रीत बंद व्हावी. काविळीच्या ‘बी’ विषाणूला वाळलेल्या रक्तातही दिवसचे दिवस तग धरता येतो आणि तुरटीने तो मरेल असा भरवसा धरता येत नाही. गिऱ्हाइकाने आपला खडा सोबत न्यावा.

डोळ्यांत, खोल जखमेत किंवा पडदा फाटलेल्या कानात तुरटी घालू नये. मूत्राशयातील रक्तस्रावासाठी रुग्णालयात तिच्या १ टक्का द्रावणाने धुतात, तेव्हा मूत्रपिंडे दुबळी असल्यास अ‍ॅल्युमिनियम रक्तात साठून मेंदूला इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

गढूळ पाण्याच्या हंड्यात फिरवायचा खडा हाच. जलशुद्धीकरण केंद्रांत मात्र बहुधा अ‍ॅल्युमिनियम सल्फेट किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात. अ‍ॅल्युमिनियम सल्फेटलाही बोलीत तुरटी म्हणत असले तरी ते त्वचेवर लावायचे औषध नव्हे.