हिरोशिमाचे सव्वाआठ, मोझरीचे चार अठ्ठावन्न

आजच्या भागात दोन वेळा लक्षात ठेवायच्या आहेत. एक जपानमधली, सकाळचे ८:१५. दुसरी आपल्या अमरावती जिल्ह्यातली, दुपारचे ४:५८. या दोन्ही वेळी हजारो माणसं एकत्र येऊन गप्प उभी राहतात. का, ते आज बघू.

आधी जपान. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. तेव्हा शहरात साधारण साडेतीन लाख माणसं होती. म्हणजे आजच्या अकोल्याहून जरा लहानच शहर. आता फोनवर नकाशा उघडा. अकोल्याच्या गांधी चौकावर बोट ठेवा आणि भोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढा. तुमची शाळा, तुमची गल्ली, तुमचं चहाचं दुकान, त्यात काय काय येतं ते बघा. हिरोशिमात एवढ्या भागातलं जवळपास सगळं जळून गेलं. वर्ष संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. तीन दिवसांनी नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला. तिथे वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार गेले. यात सैनिक थोडे. बहुतेक घरातली, बाजारातली, शाळेतली माणसं.

आता १९५४ मध्ये येऊ. हा भाग कमी लोकांना माहीत असतो. १ मार्चला अमेरिकेने प्रशांत महासागरात, बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांच्यातला एक, कुबोयामा, सप्टेंबरमध्ये वारला. जपानमध्ये लोक मासे खायला घाबरू लागले. तेव्हा पुढे कोण आलं? टोकियोच्या सुगिनामी भागातल्या घर चालवणाऱ्या बाया! त्यांनी दारोदार जाऊन सह्या गोळा केल्या. बघता बघता देशभरात ३ कोटींहून जास्त सह्या झाल्या. आपल्याकडे पंडित नेहरूंनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकसभेत अणुचाचण्या थांबवायची मागणी केली.

आणि पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी आपल्या वऱ्हाडातून एक माणूस जपानला गेला. हातात खंजिरी असलेला. बरोबर ओळखलंत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

महाराज अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, जन्म १९०९ चा. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. पण आज मला भजनांबद्दल बोलायचं नाही, त्यांनी गावाला लावलेल्या एका सवयीबद्दल बोलायचंय. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सांजेला सामुदायिक प्रार्थना. यात ‘सामुदायिक’ हा शब्द महत्त्वाचा. जात कोणती, धर्म कोणता, हे न विचारता एका ओळीत बसायचं. अमरावती-अकोल्याच्या कितीतरी गावांत आजही सांजेला ही प्रार्थना होते. ज्या जपानमध्ये माणसं गल्लीगल्लीतून एकत्र येऊन बॉम्बला नाही म्हणत होती, तिथे महाराज गेले ते गल्लीगल्लीतल्या माणसांना एकत्र बसवण्याचं हे काम करत असतानाच.

आता कोणी म्हणेल, शांती-बिंती हे भित्र्या लोकांचं काम आहे. थांबा भाऊ! हाच माणूस १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेला होता. १९६२ ला चीनशी आणि १९६५ ला पाकिस्तानशी युद्ध झालं, तेव्हा सैनिकांना धीर द्यायला हाच माणूस सीमेवर गेला. सैनिकाच्या पाठीशी उभं राहणं वेगळं आणि अख्ख्या शहराच्या राखेवर टाळ्या वाजवणं वेगळं. हा फरक महाराजांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो.

आणखी एक जपानी धागा बाजूच्याच वर्धा जिल्ह्यात आहे. फुजी गुरुजी नावाचे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला आणि आजही तो तिथे म्हटला जातो. अणुबॉम्बनंतर याच फुजी गुरुजींनी जगभर शांतिस्तूप बांधायचं काम हाती घेतलं. वर्ध्याला गीताई मंदिराजवळ जो पांढरा विश्वशांती स्तूप दिसतो ना, तो त्याच परंपरेतला. आपण तिथे फोटो काढतो, पण त्या पांढऱ्या घुमटामागे हिरोशिमाची राख आहे हे कोणी सांगत नाही.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. वेळ होती ४ वाजून ५८ मिनिटं. तेव्हापासून दरवर्षी पुण्यतिथीला, कोजागिरीनंतरच्या पंचमीला, मोझरीत लाखोंची गर्दी होते. भगव्या टोप्या, दिंड्या, खंजिरीचा नाद. आणि ठीक ४:५८ ला सगळं थांबतं. एवढी गर्दी आणि आवाज शून्य! मग सर्वधर्म प्रार्थना होते.

हिरोशिमातही असंच. दर ६ ऑगस्टला ८:१५ ला घंटा वाजते, शहर एक मिनिट स्तब्ध होतं. संध्याकाळी नदीत कागदी दिवे सोडतात. आपल्या संसदेतही अधिवेशन चालू असलं की त्या दिवसांत सदस्य उभे राहून मौन पाळतात. मोझरीत आपण आपल्या माणसासाठी गप्प होतो. हिरोशिमासाठी गप्प होणं जरा अवघड, कारण तिथली माणसं आपली नव्हती. पण ओळ न बघता शेजारी बसायची सवय आपल्याला महाराजांनीच लावली आहे. ती सवय जपानपर्यंत ताणायला काय हरकत आहे?

हे मी आत्ता का बोलतोय? सीमेवर जरा काही झालं की आपल्या ग्रुपवर लगेच येतं, ‘टाका एक अणुबॉम्ब, विषय संपवा.’ हसायचे इमोजी पडतात. विषय संपत नसतो, मंडळी. बॉम्बच्या दहा वर्षांनंतरही, म्हणजे महाराज जपानला गेले त्याच १९५५ मध्ये, सदाको सासाकी ही बारा वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली. बॉम्ब पडला तेव्हा ती फक्त दोन वर्षांची होती.

बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानमध्ये ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांच्या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. २०२५ मध्ये त्यांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली आणि सरासरी वय आहे ८६. डोळ्यांनी बघितलेलं सांगणारी ही शेवटची माणसं. त्यांच्यानंतर आठवण ठेवायचं काम ज्यांनी फक्त ऐकलंय त्यांचं, म्हणजे तुमचं-माझं.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. हिरोशिमाचे ८:१५ म्हणजे आजच्या आपल्या घड्याळात पहाटेचे ४:४५. वऱ्हाडात ती ध्यानाचीच वेळ. येत्या ६ ऑगस्टला गजर लावा, गच्चीवर नाहीतर अंगणात एक मिनिट उभे राहा. जमलं तर घरातल्या कोणाला तरी सोबत घ्या. स्टेटस ठेवला नाही तरी चालेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या. जय गुरू!