रसायन, अरिष्ट आणि अर्क : मेंदूच्या औषधींचा पनवेल-बेलापूरकडील इतिहास

बहुधा मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह खुंटल्याने शरीराची एक बाजू लुळी पडते, त्या विकाराला मराठीत अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात. चरकसंहितेने त्याची गणना वातव्याधींत केली असून, कुपित वायू एका बाजूच्या शिरा व स्नायू सुकवतो, अशी त्याची उपपत्ती दिली आहे. उपचार म्हणून स्नेहयुक्त स्वेदन, म्हणजे तेल-तुपासह शेक, आणि विरेचन, म्हणजे रेच, सांगितले आहे. मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी या चार वनस्पती त्याच ग्रंथात निराळ्या प्रकरणी, ‘मेध्य रसायन’ म्हणजे बुद्धी व स्मृती वाढवणारी औषधे म्हणून येतात. अर्धांगवायूची चिकित्सा आणि मेध्य रसायने हे मुळात दोन वेगळे प्रवाह होते, ही गोष्ट पुढचा इतिहास समजून घेताना महत्त्वाची ठरते.

आज नवी मुंबईला लागून असलेले पनवेल हे जुने बंदर; मुंबईहून खाडीने येणारा माल येथे उतरे आणि १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर तो गाड्यांनी घाटावर जाऊ लागला. याच गावात १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. तोवर वैद्याने स्वरस, म्हणजे ओल्या वनस्पतीचा पिळून काढलेला रस, किंवा काढा रोग्यापुरता ताजा करून द्यावा, अशी सर्वसाधारण रीत होती. रस एका दिवसात नासतो, आंबवून केलेले अरिष्ट मात्र वर्षानुवर्षे टिकते, म्हणून कारखान्याच्या काळात औषध वैद्याच्या खलातून बाटलीत आले आणि दूरच्या गावी पोचू लागले.

बाटलीबरोबर नावाचा प्रश्नही आला. महाराष्ट्रात केसांच्या तेलासाठी जिचे पान वापरतात ती ‘ब्राह्मी’ बहुधा मंडूकपर्णी असते. तिची पाने वाटोळी, कातरलेल्या कडांची, जमिनीवर पसरणारी. दलदलीत वाढणारी, लहान, जाड पानांची जलब्राह्मी ही वेगळ्या कुळातील वनस्पती असून अनेक ग्रंथकार व बाजार तिलाच ब्राह्मी म्हणतात. पहिलीत एशियाटिकोसाइड, तर दुसरीत बॅकोसाइड ही प्रमुख द्रव्ये असल्याने केवळ नावावर विसंबून केलेली तुलना फसवी ठरते.

१९७० साली सिडको या नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या भातशेती-मिठागरांच्या गावांवर नवी मुंबई हे नवे शहर उभे राहिले. बेलापूरला औषधनिर्माणशास्त्राचे आणि नेरूळला आयुर्वेदाचे महाविद्यालय आले. अशा संस्थांतून शिकवल्या जाणाऱ्या औषधशास्त्रात दोन्ही जुने प्रवाह एकत्र झाले: मेध्य वनस्पतींचे अर्क अर्धांगवायूसाठी तपासले जाऊ लागले. वनस्पतीची भुकटी कागदी नळीत भरून सॉक्सलेट यंत्रात ठेवतात, खालच्या चंबूतील मद्यार्काची वाफ वर थंड होऊन थेंबाथेंबाने भुकटीवर पडते आणि द्रव्ये घेऊन पुन्हा खाली उतरते; हे द्रावण म्हणजेच अर्क. पुढे उंदरांना तो बहुधा काही दिवस आधीपासून देतात, मानेतील दोन्ही मन्या, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या, धमन्या थोडा वेळ आवळून सोडतात, आणि मेंदूच्या पातळ चकत्या टेट्राझोलियमच्या द्रावणात बुडवतात. जिवंत ऊती लाल होते, मेलेली पांढरी राहते. रक्त परतताना उसळणारे मुक्त मूलक, म्हणजे पेशींची नासधूस करणारे अस्थिर रेणू, अर्काने आवरले की पांढरा भाग घटतो.

परंतु येथेच पुराव्याची मर्यादा आहे. उंदराला औषध आधी मिळते, माणूस मात्र अर्धांगवायूचा झटका आल्यावर रुग्णालयात पोचतो. मुक्त मूलक आवरणारे एनएक्सवाय-०५९ हे रासायनिक औषध प्राण्यांत यशस्वी ठरूनही, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ३,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत निष्फळ ठरले. आगाऊ दिलेला अर्क खरे तर जुन्या रसायनकल्पनेचाच, म्हणजे निरोगी असताना घ्यावयाच्या औषधाचा, वारस आहे. झटक्यावरील उपचार म्हणून त्याचे नाव घेण्याइतका पुरावा यांपैकी कोणत्याही वनस्पतीबाबत अद्याप नाही. तोंड वाकडे झाले, हात गळला किंवा बोबडी वळली, तर लगेच रुग्णालय गाठावे, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात.