पियानो येतो, पण नवं नोटेशन पाहिलं की बोटं अडतात? रोजच्या १५ मिनिटांत साइट-रीडिंग कसं सुधारायचं?

तीन-चार वर्षं पियानोच्या क्लासला जाणारी अनेक मुलं परीक्षेचे तीन पीस सफाईदार वाजवतात. पण कधीही न पाहिलेलं नोटेशन समोर ठेवलं, की दुसऱ्याच बारमध्ये अडखळतात. असं नवं नोटेशन वाचता वाचता वाजवण्याला साइट-रीडिंग म्हणतात.

लंडनच्या एबीआरएसएम बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत १५० पैकी २१ गुण यासाठी असतात आणि उतारा पाहायला मिळतो फक्त अर्धा मिनिट. मुंबईत तर या कौशल्यावर घरं चालली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या अनेक वादकांना हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात काम मिळालं, कारण समोर आलेला कागद त्यांना लगेच वाजवता यायचा.

अडचण नेमकी कुठे होते?

एकच पीस अनेक आठवडे घोटला की तो बोटांना पाठ होतो आणि डोळ्यांचं काम संपतं. म्हणजे रियाज भरपूर होतो, पण वाचनाचा सराव होतच नाही.

चांगले वाचक वेगळं काय करतात?

त्यांचे डोळे बोटांच्या पुढे असतात. मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वादन सुरू असताना नोटेशन अचानक दिसेनासं केलं जायचं. चांगले वाचक त्यानंतरही सातेक स्वर बरोबर वाजवायचे, तर कच्चे वाचक तीन-चार.

कारण ते एकेक स्वर वाचत नाहीत. आपण शब्द अक्षर-अक्षर जोडून वाचत नाही, तसंच ते कॉर्ड किंवा स्केलचा तुकडा एका नजरेत ओळखतात. ही ओळख शेकडो वेगवेगळे पीस वाचूनच होते.

रोजचा प्रकल्प कसा आखाल?

१. सोपं निवडा: सध्याच्या ग्रेडपेक्षा दोन पायऱ्या खालचं. बेला बार्टोकचा 'मिक्रोकॉसमॉस' हा संच उपयोगी आहे. सहा भागांत १५३ पीस, अगदी सोप्यापासून कठीणपर्यंत. जड वाटेल तिथे थांबून त्याच पातळीचं दुसरं पुस्तक घ्या.

२. आधी अर्धा मिनिट पाहा: की सिग्नेचर, टाइम सिग्नेचर आणि सगळ्यात अवघड बार. सर्वांत कठीण बार ज्या वेगात जमेल, तोच पूर्ण पीसचा वेग.

३. थांबू नका: चूक झाली तरी मागे जाऊन दुरुस्त करू नका. स्वर सुटला तर चालेल, लय सुटता कामा नये.

४. हातांकडे पाहू नका: काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटात असतात. त्या चाचपून जागा ओळखता येते.

५. दोनदाच वाजवा: तिसऱ्या वेळेपासून पाठांतर सुरू होतं. उद्या नवं पान.

प्रगती कशी ओळखायची?

महिन्यातून एकदा, त्याच पातळीचा पण न पाहिलेला पीस मोबाइलवर रेकॉर्ड करा. किती वेळा थांबलात, ते वहीत लिहा. आठवड्याभरात फरक दिसणार नाही, काही महिन्यांनी थांबे कमी होऊ लागतात.

हा वेळ नेहमीच्या रियाजातून कापू नका, त्याच्या सुरुवातीला जोडा. वाचन सुधारलं की परीक्षेचे पीसही लवकर बसतात. शिवाय क्लास सुटला तरी नवं गाणं शिकण्यासाठी कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.