हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं

२६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटच्या गल्ल्यावर च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं. प्रमाणित बारकोडवरची ही पहिली विक्री. हेतू साधा होता, बिलं झटपट व्हावीत. पण त्यापायी प्रत्येक बिल यंत्रात साठू लागलं, आणि कशासोबत काय खपतं हा वाण्याच्या डोक्यातला अंदाज मोजता येऊ लागला.

या मोजणीची गाजलेली गोष्ट म्हणजे डायपर आणि बिअर. १९९२च्या सुमारास टेराडेटा या माहिती-विश्लेषण कंपनीच्या मंडळींनी ऑस्को या अमेरिकी दुकानसाखळीची बिलं चाळली. संध्याकाळी पाच ते सातच्या वेळात या दोन वस्तू एकत्र जाताना दिसल्या. दमलेला बाप आणि रडणारं बाळ हे तिखटमीठ नंतरचं. दुकानानं डायपरशेजारी बिअर कधी मांडलीच नाही. व्याख्यानांतून मात्र ती अजून मांडली जाते. खरं काम १९९३चं. आयबीएममधल्या राकेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी ढिगाऱ्यातून अशा जोड्या शोधायची शिस्तशीर रीत लिहिली.

तोवर ही माहिती दुकानदाराच्या कपाटात होती. ॲमेझॉननं ती दर्शनी भागात लावली. त्याआधीच्या ग्रुपलेन्ससारख्या शिफारशींच्या प्रयोगांत तुमच्यासारख्या आवडीची माणसं शोधत. गिऱ्हाइकं लाखोंनी वाढल्यावर प्रत्येकाची तुलना करत बसणं परवडेना. म्हणून ॲमेझॉनमधल्या ग्रेग लिंडन आणि सहकाऱ्यांनी माणसांचा नाद सोडून वस्तूच वस्तूंशी जोडल्या आणि १९९८मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. जोड्यांचा तक्ता आधीच तयार ठेवायचा, की पान उघडताच शिफारस हजर. २००३च्या त्यांच्या लेखात गिऱ्हाइकांचा आकडा २ कोटी ९० लाखांवर गेलेला आहे.

आता ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ ही शिफारशीची ओळ गिऱ्हाइकासाठी लिहिलेली खरी, पण ती वाचायला गिऱ्हाईक असावं लागत नाही. नेटवर्क-विश्लेषक वाल्डिस क्रेब्स यांनी २००४च्या अमेरिकी निवडणुकीच्या सुमारास ॲमेझॉनवरच्या याच शिफारशींचे धागे जोडून राजकीय पुस्तकांचा नकाशा काढला. दोन गठ्ठे स्पष्ट वेगळे पडले, एक उदारमतवाद्यांचा, एक परंपरावाद्यांचा. मधे दुवा साधणारी पुस्तकं मोजकीच. मत कुणाला देणार, असं कुणालाही न विचारता!

क्रेब्सना गर्दी दिसली. २०११मध्ये जोसेफ कॅलँड्रिनो, अरविंद नारायणन आदी संशोधकांनी त्या गर्दीतला एकटा माणूस गाठायची वाट दाखवली, आणि हे काम मला जास्त अस्वस्थ करतं. तुम्ही जाहीरपणे परीक्षण लिहिलेल्या पुस्तकांची यादी कुणीही करू शकतं. त्या सगळ्यांच्या शिफारशींवर रोज नजर ठेवायची. एखादी नवी वस्तू त्यांतल्या अनेक याद्यांत एकाच सुमारास उगवली किंवा वर सरकली, तर ती तुम्हीच घेतली असावी, असा तर्क बांधता येतो. नेहमी खरा ठरत नाही. धडाक्यात खपणारी कादंबरी घेतलीत तर तुमची खरेदी हजारोंच्या खरेदीत बुडून जाते. फारसं कुणी घेत नाही असं पुस्तक घेतलंत, तर आकडा हलवणारे तुम्ही एकटेच असता.