कोर्टात जिंकलं, पण पैसे मिळेनात! मानवी हक्काची तक्रार आणि तडजोड कशी होते?

निकाल बाजूने लागला म्हणजे काम झालं, असं आपण धरून चालतो. पण सरकारी खात्याविरुद्धचा हुकूमनामा हातात घेऊन हेलपाटे मारणारे लोक जगभर आहेत. युरोपात मात्र निकाल न पाळणं हाच मानवी हक्काचा भंग धरला जातो. त्याची तक्रार फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात करता येते. तिथं तडजोडीची वाटही आहे.

हे तत्त्व कुठून आलं?

ग्रीसमध्ये एका जोडप्याला इंग्रजीची शिकवणी सुरू करायची होती. कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी प्रशासन हलेना. १९ मार्च १९९७ रोजी 'हॉर्न्सबी विरुद्ध ग्रीस' खटल्यात स्ट्रासबर्गने सांगितलं की, निकालाची अंमलबजावणी हा न्याय मिळण्याचाच भाग आहे.

चेर्नोबिलच्या कामगाराची लढाई

१९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिथल्या कामावर नेलेल्या एका माणसाच्या तब्येतीवर किरणोत्सर्गाचा परिणाम झाला. रशियात शाख्ती शहराच्या कोर्टाने १९९७ मध्ये त्याला थकीत भरपाई मंजूर केली, पण खात्याकडे पैसे नाहीत असं उत्तर मिळालं. २००० मध्ये त्याने स्ट्रासबर्गला तक्रार केली. मग मार्च २००१ मध्ये थकबाकी जमा झाली.

तरीही ७ मे २००२ रोजी 'बुर्दोव विरुद्ध रशिया' खटल्यात न्यायालयाने त्याला आणखी ३,००० युरो दिले. सरकारला 'पैसे नाहीत' ही सबब सांगता येणार नाही, हे तिथं ठरलं. पुढच्या निकालांचे पैसेही रखडले, म्हणून त्याने दुसरी तक्रार केली. १५ जानेवारी २००९ रोजी ६,००० युरो मिळाले. शिवाय अशाच इतर प्रलंबित तक्रारदारांनाही वर्षभरात भरपाई द्या, असा आदेश निघाला. २०१० मध्ये रशियाला त्यासाठी कायदा करावा लागला.

तिथं तडजोड कशी होते?

- प्रकरण कुठल्याही टप्प्यावर असलं तरी तडजोड होऊ शकते. न्यायालय मध्यस्थी करतं.
- बोलणी गुप्त राहतात. ती फिसकटली तर त्यात बोललेलं पुढे खटल्यात वापरता येत नाही.
- सरकार ठरलेली रक्कम देतं. मूळ निकाल बाकी असेल तर तोही पाळण्याची हमी देतं.
- पैसे द्यायला साधारण ३ महिन्यांची मुदत असते. त्यानंतर व्याज लागतं.
- बदल्यात तक्रारदार त्याच बाबतीतला पुढचा दावा सोडतो.
- तक्रारदाराने नकार दिला, तरी सरकार स्वतःहून चूक मान्य करून रक्कम देऊ करू शकतं. न्यायालयाला ती पुरेशी वाटली तर प्रकरण बंद होतं.

आपल्याकडे काय?

भारतातल्या तक्रारी स्ट्रासबर्गला चालत नाहीत. आपल्याकडे मुख्य वाट म्हणजे दरखास्त. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यासाठी कार्यालयाची गाडी, खुर्च्या जप्त करायला बेलिफ येतो, तो याच दरखास्तीतून. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी ती १२ वर्षांच्या आत टाकावी लागते. दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढावी, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये बजावलं आहे.

मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची तर घटनेपासून १ वर्षाच्या आत करावी लागते. प्रकरण कोर्टात चालू असेल तर आयोग ते घेत नाही. आयोग भरपाईची शिफारस करतो, जप्ती करू शकत नाही.

तडजोडीसाठी लोकअदालत आहे. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो. ठरलेले पैसे मिळाले नाहीत तर त्यावरही दरखास्त टाकता येते. पण त्याविरुद्ध अपील नाही. त्यामुळे सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर आल्यात का ते बघावं: नेमकी रक्कम, पैसे देण्याची तारीख, उशीर झाल्यास व्याज, आणि आपण कोणता हक्क सोडतोय. 'लवकरच देऊ' एवढंच लिहिलेलं असेल तर सहीची घाई करू नये. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी.