निव्वळ स्थलांतर, कोकणातील

ठरावीक कालावधीत एखाद्या प्रदेशात आलेले व तेथून गेलेले लोक यांच्या संख्यांतील फरक म्हणजे निव्वळ स्थलांतर होय. देशांतर्गत ये-जा करणाऱ्यांची नोंद भारतात ठेवली जात नसल्याने हा आकडा प्रत्यक्ष मोजता येत नाही. तो वजाबाकीने काढावा लागतो. दोन जनगणनांमधील लोकसंख्येच्या फरकातून नैसर्गिक वाढ (जन्म उणे मृत्यू) वजा केली असता निव्वळ स्थलांतर उरते. नोंदणीतून सुटलेले जन्म-मृत्यू व गणनेतील चुकाही साहजिकच याच बाकीत मिसळतात.

जनगणनेत जन्मस्थानाचा प्रश्न १८८१ पासून आढळतो. त्यावरून मुंबईतील कोकणी गिरणीकामगारांची संख्या अजमावता येते. मात्र म्हातारपणी गावी परतलेले त्यात दिसत नाहीत. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी १९७१ पासून पूर्वीचे निवासस्थान व वास्तव्याचा काळ आणि १९८१ पासून स्थलांतराचे कारण विचारले जाऊ लागले. जुन्या काळातील जन्म-मृत्यूंची नोंद अपुरी असल्याने के. सी. झकारिया यांनी १९०१–३१ या काळासाठी उत्तरजीवित्व-गुणोत्तराची पद्धत वापरली. एका गणनेतील दहा ते चौदा वर्षांच्या गटापैकी दहा वर्षांनी किती जण हयात असावेत हे काढून प्रत्यक्ष संख्येशी ताडणे, हे तिचे सूत्र होय.

गणनेच्या वेळेचा परिणाम मुंबईच्या आकड्यांत स्पष्ट दिसतो. शहराची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती. १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाल्यावर असंख्य लोक गावी पळाले व १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. १९०६ च्या विशेष गणनेत ती ९,७७,८२२ झाली. या काळात शहरात नोंदलेले मृत्यू जन्मांहून अधिक असल्याने ही वाढ प्रामुख्याने परतलेल्यांची व नव्याने आलेल्यांची होती.

२००१–११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. जन्म मृत्यूंहून अधिक असल्याने निव्वळ बहिर्गमन या ८१,७०८ च्या घटीपेक्षाही मोठे होते. याउलट रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्हा १९·३१ टक्क्यांनी वाढला. राज्याची वाढ १५·९९ टक्के होती. जिल्ह्याची नैसर्गिक वाढ तेवढीच मानल्यास सु. ७३,००० लोकांचे निव्वळ आगमन निघते. तथापि त्यात पनवेल परिसराचा वाटा मोठा असून इतर तालुक्यांची स्थिती त्यावरून कळत नाही.

रोहे तालुक्यातील अंबा नदीकाठचे नागोठणे हे याचे उदाहरण होय. या जुन्या बंदराचा मुंबईशी जलमार्गाने संबंध होता. १९९० च्या सुमारास तेथे पेट्रोरसायन प्रकल्प सुरू झाल्यावर परगावचे कामगार आले. अशा ठिकाणी जाणारे व येणारे सारखेच असतील, तर बाकी शून्य येते आणि वस्तीत झालेला बदल आकड्यात उमटत नाही.

हंगामी स्थलांतर तर या मापनातून बहुधा निसटते. जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. जनगणना मात्र १९९१, २००१ व २०११ मध्ये फेब्रुवारीतच झाली. त्यामुळे ती दुसऱ्याच गावी मोजली जाण्याचा किंवा दोन्हीकडे सुटण्याचा संभव असतो. शाळा, शिधा व पाणीयोजना यांचे नियोजन लोकसंख्येवर अवलंबून असल्याने या त्रुटीची झळ मुख्यतः अशा वाड्यांनाच पोहोचते.